मंडईची तारीख

गोंदियात सूर्य मुंबईपेक्षा साधारण अर्धा तास आधी उगवतो. जूनमध्ये इथे साडेपाचच्या आत उजाडतं, तेव्हा मुंबईत अजून रस्त्यावरचे दिवे जळत असतात. डिसेंबरात साडेपाचलाच दिवस मावळतो आणि सव्वासहाला कचेरीतून सुटलेला माणूस गाडीचा दिवा लावूनच घरी येतो. 1 जानेवारी 1906 पासून देशाची वेळ साडेब्याऐंशी अंश रेखांशावरून ठरू लागली. गोंदिया त्या रेषेच्या थोडं पश्चिमेला. म्हणून आमच्या डोक्यावर सूर्य येतो तेव्हा घड्याळात सरासरी बारा वाजून नऊ मिनिटं झालेली असतात. ही नऊ मिनिटं आमच्या वाडवडिलांनी कधी मोजली नाहीत. त्यांना घड्याळ स्टेशनात लागायचं, धानाच्या बांधीत नाही.

आमची पिढी या दोन वेळांच्या मध्ये वाढली. गोंदिया जंक्शनवर हावडा-मुंबई मार्गाच्या गाड्यांचा हिशेब मिनिटांचा, आणि स्टेशनपासून दोन कोसांवरच्या गावाचा हिशेब नक्षत्रांचा. रोहिणीत बांधी तयार ठेवायची, मृगात पऱ्हे टाकायचे, आर्द्रा-पुनर्वसूत रोवणी उरकायची, दिवाळीच्या आगेमागे हलका धान कापायचा, मग भारी. कोणी कोणाला आठवण करून देत नसे, कारण अख्खं गाव एकाच कामात असे. घरातला लहान वेळही असाच कामावर मोजलेला होता. 'भात शिजेस्तोवर जाऊन ये,' असं आजी म्हणाली की हाताशी किती वेळ आहे ते पोराला बरोबर कळायचं. ई. पी. थॉम्प्सन या इंग्रज इतिहासकारानं 1967 मध्ये वेळ आणि कामाची शिस्त यावर एक निबंध लिहिला, तो पुढे फार गाजला. त्यात मादागास्करची एक नोंद आहे. तिथली माणसं अर्ध्या तासाला भात शिजण्याइतका वेळ म्हणत आणि क्षणभराला टोळ भाजण्याइतका. ते वाचलं आणि हा निबंध आमच्याच चुलीपाशी बसून कोणीतरी लिहिला असावा असं वाटलं.

आता शहरात आणि तालुक्याच्या गावांतसुद्धा अभ्यासिका झाल्या आहेत. स्पर्धा परीक्षेची पोरंपोरी तिथे फोनवर पंचवीस मिनिटांचा गजर लावून वाचतात, पाच मिनिटं थांबतात, पुन्हा गजर लावतात. ही रीत फ्रान्चेस्को चिरिलो नावाच्या इटालियन विद्यार्थ्यानं 1980 च्या दशकाच्या अखेरीस काढली. त्याच्याजवळ स्वयंपाकघरातलं टोमॅटोच्या आकाराचं गजराचं यंत्र होतं, म्हणून रीतीचं नाव पोमोडोरो. आमची जुनी घटिका 24 मिनिटांची, म्हणजे या टोमॅटोहून एकच मिनिट कमी. लग्नात मुहूर्त साधायला घटिकापात्र ठेवत. पाण्यानं भरलेल्या घंगाळात बुडाला बारीक छिद्र असलेली तांब्याची वाटी सोडायची. ती भरून बुडाली की घटिका झाली. पण त्या वाटीवर डोळा ठेवून एक माणूस बसलेला असे, आणि ती बुडाली की तो साऱ्या मांडवाला सांगत असे. आजचा गजर ज्याच्या त्याच्या कानात वाजतो, शेजारच्या खुर्चीला त्याचा पत्ता नसतो. तरी ही मुलं आमच्यापेक्षा कितीतरी शिस्तीची आहेत. आमचा अभ्यास कंदिलाच्या काचेवर काजळी धरेपर्यंत चालायचा, आणि रोवणीच्या दिवसांत शाळेपेक्षा बांधीतच हात जास्त लागायचे. किती हुशार पोरं त्या चिखलात मागे राहिली याची नोंद कुठल्याच वहीत नाही.

छोटी लाइन ही आमच्या पिढीची पहिली प्रेमाची जागा. अडीच फूट रुंदीच्या रुळांवरून एक गाडी बालाघाट, नैनपूरमार्गे जबलपूरला जायची, दुसरी नागभीडमार्गे चंद्रपूरकडे. चंद्रपूरकडची लाइन 1990 च्या दशकात रुंद झाली, नैनपूर ते जबलपूरची 2015 मध्ये थांबली. वेळापत्रक फलकावर लिहिलेलं असे, पण आडगावच्या स्टेशनवर माणसं ते वाचून येत नसत, दिवस किती वर आला ते पाहून येत. गाडीच्या तासभर आधी पोचायचं आणि निंबाखाली बसायचं. कोणाच्या टोपलीत सिंगाडे, कोणाच्या फडक्यात बांधलेले नवे तांदूळ, कोणाच्या काखेत सरकारी कागदांची गुंडाळी. त्या तासात धानाचा भाव कळायचा, कोणाची पोरगी लग्नाची झाली ते कळायचं, कोणत्या तलावाची पाळ फुटली ते कळायचं. स्टेशनमास्तर घंटा वाजवायला बाहेर आला की सगळे एकदम उठायचे आणि एकमेकांची गाठोडी वर चढवून द्यायचे.

आज गाडी नेमकी कुठे आहे ते फोन सांगतो. माणूस घरून हिशेबानं निघतो, फलाटावर पाच मिनिटं उभा राहतो आणि डब्यात शिरतो. डिसेंबर 2022 पासून बिलासपूर-नागपूर वंदे भारत गोंदियात थांबते आणि नागपूरचं काम उरकून माणूस त्याच दिवशी घरी जेवतो. निंबाखालचा तो तास आम्हाला आठवतो तेव्हा त्यात तापानं फणफणलेलं लेकरू मांडीवर घेऊन बसलेली एक बाईही असते, आणि तिचा तास आमच्या तासासारखा नव्हता. गाडीची वाट पाहण्यावाचून तिला दुसरा इलाज नव्हता. 2014 पासून 108 ची रुग्णवाहिका आली आणि अशा कितीतरी मांड्यांवरचा भार हलका झाला. छोट्या लाइनचं कौतुक करताना हे आधी सांगितलं पाहिजे.

फोनचंही तसंच. तेव्हा बाहेरगावी बोलायचं तर ट्रंक कॉल नोंदवायचा आणि तीन मिनिटांत आटपायचं. पुढे एसटीडीची पिवळी पाटी लागली, तेव्हा रात्री उशिरा दर उतरायचे म्हणून जेवणं उरकून माणसं रांगेत यायची. बोलायचं काय ते आधी चिठ्ठीवर लिहून न्यायची रीत होती. बाबांची तब्येत, गाईचं वासरू, मनिऑर्डर मिळाली का, भाऊबीजेला येणार का. काचेच्या खोलीतल्या यंत्रावर लाल आकडे पळायचे, आणि चिठ्ठीवरची शेवटची ओळ बहुधा राहूनच जायची. रांगेतले सगळे आपलं बोलणं ऐकताहेत याची लाज वाटायची आणि आधारही वाटायचा, कारण वाईट बातमी आली तर धरायला चार हात तिथेच असायचे. आता लेक पुण्याहून रोज दिसते, बोलते, नातवाचं तोंड दाखवते. हे सुख आमच्या आईला मिळालं नाही. पण चिठ्ठी आम्ही लिहीत नाही. रोज बोलतो म्हणून सांगायचं ते उद्यावर टाकतो, आणि तसे कितीतरी उद्या साचतात.

1 मे 1999 ला गोंदिया जिल्हा झाला. त्याआधी सालेकसा, देवरी, अर्जुनी मोरगावच्या माणसाला जिल्ह्याचं काम म्हणजे भंडारा. पहाटेची एसटी धरायची, बाईनं रात्रीच बांधून ठेवलेली शिदोरी पिशवीत घालायची, कचेरीच्या आवारात झाडाखाली बसायचं, साहेब दौऱ्यावर असले तर बसून परत यायचं. एका दाखल्यासाठी दोन-तीन खेपा सहज होत. मजुरी बुडे ती वेगळी. गावातले चौघं एकाच दिवशी जात, म्हणजे एकाचं काम झालं नाही तरी परतीच्या गाडीत सोबत असे. आज डिजिटल सहीचा सातबारा घरी बसून निघतो. 2015 च्या लोकसेवा हक्क कायद्यानं दाखला किती दिवसांत द्यायचा ते ठरवून दिलं. ज्यानं भंडाऱ्याच्या त्या झाडाखाली दिवस काढले आहेत त्याला या कायद्याची किंमत सांगावी लागत नाही. त्या शिदोरीची चव अजून जिभेवर आहे हे खरं, आणि ती शिदोरी बांधायला कोणीतरी रात्री जागलं होतं हेही खरं.

इथे थांबून आईचा विचार करावाच लागतो, कारण आमच्या सगळ्या आठवणींत तिचा वेळ धरलेलाच नाही. आजीच्या काळी घरात धान कांडायची ढेकी होती. पहाटे चारला दोघी बाया तिच्यावर उभ्या राहत, एक पाय देई, दुसरी उखळातला धान हातानं सारत राही, आणि त्या ठेक्यावर आम्ही पोरं झोपेत कूस बदलत असू. राइस मिल गावाजवळ आली आणि ढेकी बंद पडली. आईला पहाटेचे दोन तास मिळाले. ते बोरिंगवरच्या पाण्याच्या रांगेत गेले. मग शेण, चूल, पोरांची शाळा, न्याहारी, आणि रोवणी असेल तर दिवसभर कमरेत वाकून चिखलात. संध्याकाळी आम्ही गावाच्या पारावर गप्पा ऐकत असू. शेजारपाजारच्या सगळ्या पुरुषांना तेव्हा एकाच वेळी सवड असायची, म्हणून तर तो पार भरायचा. आई त्याच वेळी दाराच्या उजेडात सूप घेऊन उद्याचे तांदूळ निवडत असे. खडा दिसला की बोटाच्या टोकानं उचलायचा, उंबऱ्याबाहेर टाकायचा, पुन्हा सूप हलवायचं, आणि एक कान चुलीवरच्या आधणाकडे. ती कधी बसलेली नव्हती असं नाही. पण ती बसली की तिच्या मांडीवर काहीतरी काम असेच.

भिंतीवर कालनिर्णय असे. 1973 पासून निघणारं ते कॅलेंडर आमच्या घरी आलं तेव्हापासून आईचीच वही झालं. दुधाच्या खुणा, सिलिंडर कधी लावला, गाय कधी फळली, कोणाकडे बारसं, कोणाची तेरवी, कोणाला पायलीभर धान उसना दिला. लिहिता येत होतं तितकं पेन्सिलीनं लिहिलेलं, बाकीचं टिंब आणि फुल्यांनी. सबंध घराचा वेळ त्या एका भिंतीवर होता आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसत होता. वेळेच्या नियोजनावर आज इतकी पुस्तकं निघतात. त्यांतलं एकही न वाचता एक बाई सात-आठ माणसांचा दिवस रोज जुळवून आणत होती, आणि त्याला काम म्हणावं हे आमच्यापैकी कोणाच्या मनात आलं नाही.

आज सुनेचा दिवस वेगळा आहे. गॅस आहे, नळ आहे, मिक्सर आहे, नोकरी आहे. तिच्या फोनमध्ये कॅलेंडर आहे, त्याला कुलूप आहे. देशभरच्या वेळ-वापर सर्वेक्षणात 2019 मध्ये घरकाम करणाऱ्या बायांची रोजची मिनिटं 299 निघाली आणि पुरुषांची 97. 2024 मध्ये ती 289 आणि 88 झाली. म्हणजे पाच वर्षांत बाईचं ओझं दहा मिनिटांनी उतरलं आणि पुरुषानंही आपला हात नऊ मिनिटांनी आखडला. आमच्या पिढीला वाटतं की आता कोणालाच वेळ नाही. बायांना तो तेव्हाही नव्हता. जुन्या दिवसांतलं आम्हाला जे निवांत वाटतं, त्याची किंमत कोणी मोजली ते या आकड्यांत दिसतं. ढेकी परत यावी असं आमच्यातली एकही बाई म्हणणार नाही, आणि तिला तसं विचारण्याचा अधिकार आमच्यातल्या एकाही पुरुषाला नाही.

कचेरीची गोष्ट थोडक्यात सांगता येईल. वडिलांच्या मनगटावर लग्नात मिळालेलं एचएमटी होतं. रोज आंघोळीआधी ते चावी द्यायचे आणि रेडिओवरच्या टिपटिपीवर काटे जुळवायचे. बंगळुरात 1961 मध्ये सुरू झालेलं ते घड्याळाचं काम 2016 पर्यंत आटोपलं. वडिलांच्या कचेरीत टपाल दिवसातून एकदा यायचं. आवक वहीत नोंद, साहेबांपुढे टपालाची फाइल, मग टिपणी, मग कच्चा मसुदा, मग टंकलेखकाकडे कार्बन घालून तीन प्रती. उत्तराला आठवडा लागला तर कोणी तोंड वाकडं करत नसे, आणि त्या आठवड्यात उत्तर दोनदा वाचलं जाई. हा सोहळा आम्हाला आवडायचा. पण त्याच कपाटांत लाल फडक्यात बांधलेल्या फाइली वर्षानुवर्षं झोपत, आणि त्यांत कुणा विधवेचं निवृत्तिवेतन असे, कुणा आदिवासीच्या जमिनीचा दावा असे.

आता पत्र यायला वेळ लागत नाही, पण ते येणं संपतही नाही. 29 फेब्रुवारी 2020 पासून राज्य सरकारच्या कचेऱ्यांना पाच दिवसांचा आठवडा मिळाला, त्याबदल्यात पावणेदहा ते सव्वासहा अशी वेळ झाली. कागदावर दोन दिवस मोकळे. प्रत्यक्षात शिक्षक असो, ग्रामसेवक असो, आशाताई असो, रात्री साडेनऊला फोनवरच्या गटावर ओळ येते: माहिती तात्काळ भरावी. जेवता जेवता एका हातानं ती भरली जाते. रोजगार हमीच्या कामावर जानेवारी 2023 पासून मजुराची हजेरी दिवसातून दोनदा फोटो काढून लागते, आणि देवरी-सालेकशाच्या जंगलपट्ट्यात त्या फोटोसाठी नेटवर्क शोधत फिरावं लागतं. फ्रान्समध्ये 2017 पासून कामाच्या वेळेनंतर फोन न उचलण्याच्या हक्काला कायद्याचा आधार आहे. आपल्याकडे सुप्रिया सुळे यांनी 2018 मध्ये लोकसभेत तसं खासगी विधेयक मांडलं होतं. लहान मुलांच्या झोपेचा विचार मात्र झाला: 2024 मध्ये राज्यानं चौथीपर्यंतच्या शाळा सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असं ठरवलं. त्या मुलांच्या बाईंना रात्री झोप कधी लागते, याचाही असाच विचार व्हायला हवा.

आणि शेती. खरीप हाच आमच्या जिल्ह्याचा श्वास होता. मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, हे त्याचं पाणी. नवेगावबांधसारखे मोठे तलाव बांधणाऱ्या कोहळी समाजानं पाण्याची अशी रीत घालून दिली की गावाचा एक पाणकर असे आणि कोणाच्या बांधीत कधी पाणी जाईल ते तो पाहत असे. ज्याचं शेत शेवटाला, त्याच्यापर्यंत पाणी पोचवणं हे त्याचं काम. आम्हाला वाटतं, आमचा वेळही त्या तलावाच्या पाण्यासारखाच होता. तो एकट्याचा कोणाचाच नव्हता. गावाच्या पाळीनं तो आपल्यापर्यंत यायचा आणि आपल्याकडून पुढे जायचा. रोवणीत आज तुमच्या बांधीत आम्ही, उद्या आमच्या बांधीत तुम्ही. गाणी म्हणत बायांची रांग मागे मागे सरकायची आणि तिच्या पुढे बांधी हिरवी होत जायची. या चित्रातही खोट आहे. पाणकराची पाळी सगळ्यांना सारखी नव्हती. ज्याची जमीन मोठी त्याचा शब्द मोठा, आणि ज्याला जमीनच नाही तो सालगडी उजाडल्यापासून अंधारेपर्यंत दुसऱ्याच्या वेळेवर जगायचा. त्याच्या कामाला सुरुवात होती, शेवट नव्हता.

आता रोवणी गुत्त्यानं होते. एकरामागे ठरलेले पैसे, म्हणून टोळी सकाळी लवकर उतरते, भरभर लावते आणि दुसऱ्या गावाला जाते. बायांच्या हातात रोख पैसा येतो, तो त्यांच्या हक्काचा असतो, आणि पायलीनं मजुरी मोजून घेण्यापेक्षा हे केव्हाही चांगलं. कापणीला हार्वेस्टर येतो. जिथे आठवडाभर कडपा वाळायच्या, पुंजणे लागायचे, रात्री बैलांच्या पायांखाली चुरणा चालायचा, तिथे दुपारपर्यंत पोती भरतात. चुरण्याच्या रात्री खळ्यावर शेकोटी असे, तणसाच्या ढिगात पोरं झोपत, म्हातारे गोष्टी सांगत. ती रात्र गेली. कंबरडं मोडणारं काम गेलं म्हणून ती गेली, तेव्हा तिच्यासाठी रडताना आवाज जपूनच काढावा.

पण वाचलेला वेळ गेला कुठे, याचं उत्तर आम्ही शोधतो आहोत. इटियाडोह धरणाचं आणि बोअरवेलचं पाणी आलं, तसा उन्हाळी धान वाढला. पूर्वी पौषापासून मृगापर्यंत शेत मोकळं आणि माणूसही मोकळा. ती मोकळीक अनेकांच्या घरी उपासमारीची होती. माणसं मोहाची फुलं आणि तेंदूपत्ता वेचून दिवस काढत, विड्या वळत, नाहीतर कामाला दूरदेशी जात. आता त्याच महिन्यांत दुसरं पीक उभं असतं, घरात पैसा येतो. शेतीला वीज मात्र आठ तासांची, कधी दिवसाच्या पाळीनं, कधी रात्रीच्या. रात्रीच्या पाळीत शेतकरी काठी आणि टॉर्च घेऊन सापांच्या वाटेनं बांधीवर जातो. शेजाऱ्याचं फिडर वेगळं, त्याची पाळी वेगळी. दोघांचं शेत लागून आहे, पण दोघं एकाच वेळी जागे नसतात.

आमच्या मनाला लागतं ते हेच. आज माणसाकडे वेळ कमी नाही, किंबहुना बापापेक्षा जास्तच आहे. पण एकाचा रिकामा वेळ दुसऱ्याच्या रिकाम्या वेळेला भेटत नाही. नवऱ्याची सुट्टी शनिवारी, बायकोची शाळा शनिवारी चालू. मुलाची पाळी रात्रीची, वडिलांचं पाणी पहाटेचं. प्रत्येकानं आपापला दिवस नीट आखलेला, कोणीच आळशी नाही, आणि संध्याकाळी पार ओस. पुस्तकं सांगतात की वेळ आपला आहे, तो नीट वापरा. आपला वेळ आपण कितीही नीट वापरला तरी गप्पा मारायला समोरच्यालाही त्याच वेळी सवड लागते, हे त्या पुस्तकांत आम्हाला सापडलं नाही.

ही सगळ्यांची एकत्र सवड जिथे अजून दिसते ती जागा म्हणजे मंडई. भाऊबीजेपासून आमच्या झाडीपट्टीच्या गावागावांत मंडई भरू लागते. आज या गावची, उद्या त्या गावची, म्हणजे या गावच्या पाहुण्याला त्या गावीही जाता यावं. लेकीबाळी माहेरी येतात, जावई येतात, घरोघरी पाहुण्यांचं ताट वाढलेलं असतं. दिवसा बाजार आणि दंडार, रात्री नाटक. झाडीपट्टीचं नाटक रात्री उशिरा सुरू होऊन उजाडेस्तोवर चालायचं आणि मंडपात आजीपासून तान्ह्यापर्यंत सगळे एका घोंगडीवर. उद्या कोणालाच कामावर जायचं नसे, म्हणून कोणी घड्याळ पाहत नसे. शंकरपटाच्या, म्हणजे बैलांच्या शर्यतीच्या दिवशी मात्र सेकंदासाठी भांडणं व्हायची. सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं 2014 मध्ये बंद पडलेला पट 2021 च्या अखेरीस पुन्हा सुरू झाला. त्यात बैलांचे हाल व्हायचे हे आम्ही डोळ्यांनी पाहिलं आहे, आणि आज नियमांखाली तो होतो ते योग्यच आहे.

मंडई बंद पडलेली नाही. नाटकंही चालतात, मंडप भरतात. पण पाहुणा दुपारी गाडीनं येतो, ताटावर बसतो आणि 'उद्या ड्युटी आहे' म्हणत अंधाराआधी निघतो. पुण्यात, मुंबईत, नागपुरात कामाला असलेल्या आमच्या पोरांना दिवाळीची रजा मिळते ती लक्ष्मीपूजनाच्या आगेमागे. मंडई त्यानंतर. तिची तारीख गावात ठरते तेव्हा रजा संपलेली असते आणि गाडीत जागा उरलेली नसते.

गोंदियाहून कोल्हापूरला जाणारी महाराष्ट्र एक्स्प्रेस राज्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत तेराशे किलोमीटरहून जास्त धावते, आणि पुण्याची आमची पोरं तिनंच येतात. नोव्हेंबर 2024 पासून रेल्वेचं आगाऊ आरक्षण साठ दिवस आधी उघडतं, पूर्वी ते 120 दिवस आधी उघडायचं. भाऊबीजेपासून साठ दिवस मागे मोजले की पोळ्याच्या आसपास येतो. तेव्हा आमच्या गावच्या मंडळींपुढे आम्ही एक मागणी ठेवली आहे: मंडईची तारीख दिवाळीनंतर ठरवू नका, पोळ्याच्या आधी ठरवा. शेजारच्या दोन गावांनाही विचारा, म्हणजे तारखा एकमेकींवर यायच्या नाहीत. नाटक कंपनीची तारीखही तेव्हाच बांधता येईल. बायांचं म्हणणं आहे की त्या दिवशीचा स्वयंपाक आचाऱ्याकडे द्यावा, वर्गणीतून, म्हणजे त्यांनाही नाटक पहिल्या अंकापासून पाहता येईल. ही मागणी पहिल्यांदाच कोणी मोठ्यानं बोललं, आणि ती मान्य झाली आहे. पोरांना कळवलं आहे: पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, सकाळी आठला फोन घेऊन बसा, खिडकी उघडली की लगेच तिकिटं काढा, आणि रजेचा अर्ज त्याच दिवशी टाका. तारखेवर अजून एका गावाचं उत्तर यायचं आहे.